घाटातली मोटार आणि आभाळातले इंजिन

माझ्या लहानपणी दिवाळीला आम्ही मुंबईहून पुण्याला आजोळी जात असू, ते मामांच्या जुन्या मोटारीतून. खोपोली सोडून बोरघाट चढू लागले, की शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास बॉनेटमधून हमखास वाफ निघू लागे. मग मामा गाडी कडेला घेत, चाकामागे दगड लावत आणि बऱ्याच वेळाने, ओले फडके धरून, रेडिएटरचे झाकण हळूच सैल करीत. मला चकल्यांची घाई झालेली असे. मामा म्हणत, "अरे, चढ मोठा, वेग थोडा आणि भार सगळा इंजिनावर. तापणारच ती. जरा दम खाऊ दे."

एका वर्षी मात्र आम्हां मुलांच्या हट्टापुढे मामा नमले आणि न थांबता निघाले. अर्ध्या घाटात इंजिन जाम झाले. त्या वर्षीची नरकचतुर्दशीची पहाट आम्ही घाटातल्या एका दगडावर कुडकुडत काढली, अभ्यंगस्नान राहिलेच. मामांनी आम्हांला बोल लावला नाही, पण ती मोटार पुन्हा चालली नाही.

पुढे मला विमानांचा इतिहास वाचण्याचा नाद लागला, तेव्हा वारंवार मामांचे ते वाक्य आठवू लागले. घरच्या घरी विमान बांधणाऱ्या हौशी माणसांची निम्मी कहाणी त्या एका वाक्यात आहे. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलचा जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो. बाकीची सारी उष्णता. तिच्यातली बरीचशी धुराबरोबर निघून जाते, पण उरलेली धातूच्या अंगात मुरते आणि तिला बाहेरची वाट द्यावीच लागते. विमान वर चढते तेव्हा ताकद पुरी लागते आणि वारा मात्र कमी मिळतो. म्हणजे घाटच तो! फरक इतकाच, की आभाळात चाकामागे दगड लावायची सोय नाही.

या मंडळींचे आद्यपुरुष म्हणजे डेटन गावचे सायकलवाले राइट बंधू. १९०२ च्या अखेरीस त्यांनी मोटारींच्या कारखानदारांना पत्रे लिहिली, पण हवे तसे हलके इंजिन कोणी देईना. तेव्हा त्यांच्या दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने लेथ आणि भोके पाडायचे यंत्र एवढ्या सामग्रीवर सहा आठवड्यांत इंजिन घडवले. सिलिंडरांभोवती पाणी खेळवलेले होते, पण ते फिरवायला पंप नव्हता. पुढच्या खांबाला पाण्याचा उभा साठा बांधलेला होता, एवढीच साधी योजना होती. हे इंजिन सुरू होताच पहिले काही क्षण जवळजवळ १६ अश्वशक्ती देई; मिनिटभरात तापले, की १२ वर येई. राइट बंधूंचा हिशेब ८ अश्वशक्तीचा होता, म्हणून निभावले. १७ डिसेंबर १९०३ च्या चार उड्डाणांतले सर्वांत लांबचे ५९ सेकंदांचे होते. मिनिट भरायच्या आत सारे आटोपले होते, हे वाचून मला गंमत वाटते. मिनिटापलीकडचा घाट त्यांना पुढे चढावा लागला. ऑक्टोबर १९०५ मध्ये ते अर्ध्या तासाहून अधिक उडू लागले, तेव्हाही तापलेल्या बेअरिंगपायी त्यांना उतरावे लागले होतेच.

पॅरिसमध्ये राहणाऱ्या ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँ याने आपल्या चिमुकल्या 'दमोझेल' विमानासाठी आणखी सुंदर तोड काढली. धड बांबूचे, पंख कापडाचे, आणि पाणी निववायच्या बारीक नळ्या पंखांच्या पोटाला लावलेल्या. पंखाला वारा लागणारच, मग नळ्यांनाही लागला! या विमानाचे हक्क त्याने राखून ठेवले नाहीत. १९१० साली त्याचे आराखडे एका अमेरिकन मासिकात छापून आले आणि घरी विमान बांधण्याची हौस सामान्य माणसाच्या अंगणात आली.

पण खरी कसोटी लागली ती इंग्लिश खाडीवर. १९०९ च्या जुलैत खाडी ओलांडण्यासाठी एका वृत्तपत्राचे हजार पौंडांचे बक्षीस लागले होते. लाथाम नावाच्या वैमानिकाचे विमान देखणे. त्याच्या इंजिनातल्या पाण्याची वाफ होई आणि बाजूंच्या नळ्यांत तिचे पुन्हा पाणी होई. युक्ती बुद्धिमान, परंतु १९ जुलैला इंजिन वाटेतच बंद पडले आणि तो समुद्रात उतरला. २५ जुलैच्या पहाटे लुई ब्लेरिओ निघाला. आधीच्या एका उड्डाणात तापलेल्या इंजिनाने त्याचा पाय भाजला होता आणि तो कुबड्यांच्या आधाराने चालत होता. त्याचे तीन सिलिंडरांचे, २५ अश्वशक्तीचे आन्झानी इंजिन नुसत्या वाऱ्यावर निवायचे, आणि लवकर तापण्याबद्दल ते बदनाम होते. खाडी ओलांडायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ हवा! असे सांगतात, की वाटेत पावसाची एक सर आली आणि तिने तापलेले इंजिन निववले. सर खरोखर किती कामी आली ते असो. ब्लेरिओ डोव्हरच्या किल्ल्याजवळ उतरला, हे मात्र इतिहासाने नोंदवले आहे.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या मिनेसोटा प्रांतातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातला मेकॅनिक, बर्नार्ड पीटेनपोल. विमानाचे इंजिन परवडत नाही, म्हणून त्याने १९२९ मध्ये फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीचे इंजिन लाकडी विमानाला बसवले. मोटारीचे इंजिन म्हणजे रेडिएटर आलाच. तो त्याने इंजिनाच्या वर, वैमानिकाच्या नाकासमोर, वाऱ्यात उभा केला. पुढचे पाहायचे तर बाजूने मान वाकवावी; पण इंजिन निवले पाहिजे! त्याचे आराखडे १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांवरून आजही विमाने बांधली जातात.

आज हौशी माणसांच्या पुष्कळ विमानांत समोरासमोर झोपवलेल्या सिलिंडरांचे, वाऱ्यावर निवणारे इंजिन असते. १९२८ साली अमेरिकेत फ्रेड विक यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले, की इंजिन नीट आकाराच्या आवरणात झाकले तर ते निवतेही आणि विमानाला वाऱ्याचा विरोधही घटतो. म्हणून आता पुढच्या दोन भोकांतून वारा आत येतो, पत्र्याच्या आडोशांनी अडून सिलिंडरांच्या पात्यांमधून खाली उतरतो आणि मागून निघून जातो. आडोशाला बोटभर फट राहिली, की वारा सोप्या वाटेने पळतो आणि सिलिंडर तापतो. अनेक लायकमिंग इंजिनांना सिलिंडरच्या माथ्याशी २६० अंश सेल्सियसची कमाल मर्यादा असते. जाणते वैमानिक २०५ च्या आतच राहू पाहतात. काटा चढू लागला, की ते नाक थोडे खाली करतात. चढ कमी होतो, वेग वाढतो, वारा मिळतो.

मुंबईत कांदिवलीला अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि ते २०१६ च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, तेव्हा मला अभिमान वाटला. आणि मामा आठवले.

आता गाड्या द्रुतगती मार्गाने न थांबता घाट चढतात. परवा नातवाने विचारले, "आजोबा, डॅशबोर्डावरचा हा काटा कशाला?" मी म्हणालो, "हा काटा म्हणजे माझे मामा." तो हसला. मग मी त्याला त्या पहाटेची गोष्ट सांगितली; आमच्या हट्टासकट.