एक्सप्लोरर ४चं दुसरं काम

अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहाच्या, म्हणजे एक्सप्लोरर १च्या गोष्टीत मला सगळ्यात आवडतो तो त्यातला गप्प बसणारा गायगर काउंटर. १९५८च्या जानेवारीअखेर उडालेल्या या उपग्रहावरचं ते यंत्र जास्त उंचीवर गेलं की आकडे देणंच थांबवायचं. जेम्स व्हॅन ॲलन आणि आयोवा विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला: किरणोत्सार इतका प्रचंड आहे की काउंटरला मोजणंच झेपत नाहीये. मार्चमधल्या एक्सप्लोरर ३ने याला दुजोरा दिला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण अडकून पडतात, हे १ मे रोजी जाहीर झालं.

पुढचा भाग मात्र मला अस्वस्थ करतो. २६ जुलैला एक्सप्लोरर ४ कक्षेत गेला. त्यावरचे चार शोधक जास्त मारा मोजू शकतील असे बनवले होते. नव्या पट्ट्यांचा अभ्यास हा त्याचा जाहीर हेतू खराच होता, पण अर्धा. निकोलस क्रिस्टोफिलोस या शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली होती. वातावरणाच्या वर अणुबॉम्ब फोडला, तर त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन असेच अडकतील आणि शत्रूच्या क्षेपणास्त्रांविरुद्ध कवच तयार होईल. २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबरदरम्यान दक्षिण अटलांटिकमध्ये जहाजावरून रॉकेटं सोडून असे तीन स्फोट करण्यात आले. हेच ऑपरेशन आर्गस. त्यातून बनलेले पट्टे एक्सप्लोरर ४ने टिपले. ते कवच म्हणून फारच दुबळे होते. लोकांना हे कळलं ते १९५९च्या मार्चमध्ये, न्यूयॉर्क टाइम्समधून.

म्हणजे नैसर्गिक पट्टा जाहीर होऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच माणसाने त्यात स्वतःची भर घातली. पुढे ९ जुलै १९६२ला ‘स्टारफिश प्राइम’चा १.४ मेगाटनचा स्फोट ४०० किलोमीटर उंचीवर झाला. दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह त्या किरणोत्साराच्या माऱ्याने काही महिन्यांत निकामी झाला. इलेक्ट्रॉन काही वर्षं टिकले, आणि मूळचे कोणते व बॉम्बचे कोणते हे वेगळं करणं संशोधकांना अवघड होऊन बसलं.

१९६३च्या मर्यादित अणुचाचणीबंदी कराराने अंतराळातले स्फोट थांबवले. व्हॅन ॲलन यांना दोष देणं मला सोपं वाटत नाही. लष्कराच्या पैशाशिवाय त्यांचे शोधक वर गेलेच नसते. पण बॉम्बची भर पडण्याआधी तो पट्टा नेमका कसा होता, हे निवांतपणे मोजायला विज्ञानाला मिळाला तो एकच उन्हाळा.