कोंडवाडा, जॅमर आणि उसनी मोटार

परक्याच्या पिकात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात घालावे आणि दंड व चारापाण्याचा खर्च वसूल झाल्यावाचून ते सोडू नये, ही १८७१ च्या कायद्याने आपल्या खेडोपाडी पक्की केलेली व्यवस्था ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना इंग्लंडमधील खाजगी वाहनतळांच्या आकारणीचा इतिहास समजावयास फारसे सायास पडू नयेत. बैल शेजाऱ्याने मागून नेला होता की गुराखी झाडाखाली निजला होता, याची चौकशी कोंडवाड्याच्या दारात होत नसे. जनावर ज्याचे, दंड त्याचा. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातही नुकसान करणारे जनावर अडकवून ठेवण्याचा असाच हक्क जमीनधारकास मध्ययुगापासून होता, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तोच हक्क मोटारींच्या बाबतीत न्यायासनापुढे सांगितला जावा, हा त्या देशाच्या न्यायेतिहासातील एक विलक्षण प्रसंग होय.

खाजगी वाहनतळांच्या धंद्याची भरभराट दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून झाली. बॉम्बवर्षावाने लंडनमध्ये जागोजाग उघड्या पडलेल्या भूखंडांपैकी होबर्न भागातील एक भूखंड युद्धसेवेतून परतलेल्या रोनाल्ड हॉब्सन व डोनाल्ड गॉस्लिंग या दोघा तरुणांनी १९४८ साली २०० पौंडांस घेतला आणि तेथे वाहनतळ थाटला. पुढे फाटकावरच्या माणसाची जागा यंत्राने घेतली आणि त्याबरोबरच, करार नेमका कोणत्या क्षणी आणि कोणत्या अटींवर झाला, हा प्रश्न उभा राहिला. १९७१ च्या थॉर्नटन खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी असे ठरविले की, यंत्रापाशी गाडी नेताच करार पुरा होतो, आणि यंत्राशी हुज्जत घालण्याची सोय नसल्यामुळे तिकीट हाती आल्यावर मागाहून दिसणाऱ्या अटी ग्राहकावर लादता येत नाहीत. फलक आधी दिसला पाहिजे, हा पुढील सर्व वादांचा पाया त्या निकालाने घातला.

परंतु फलक लावून स्वस्थ बसण्यापेक्षा चाकाला जॅमर ठोकणे जमीनमालकांना अधिक फलदायी वाटले. स्कॉटलंडच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने १९९२ मध्ये हा प्रकार निःसंदिग्ध शब्दांत खंडणी व चोरी ठरवून तेथे तो बंद पाडला. इंग्लंडने मात्र निराळी वाट धरली. कॉर्नवॉलमधील ट्रुरो येथील एका वाहनतळावरून उद्भवलेल्या १९९६ च्या खटल्यात कोंडवाड्याचे जुने तत्त्व पुढे करण्यात आले. न्यायालयाने निकाल उभारला तो मात्र संमतीच्या तत्त्वावर. ज्याने फलक वाचला आणि तरीही गाडी उभी केली, त्याने जॅमरचा धोका पत्करला, असा त्याचा आशय होता. या संमतीची मर्यादा २००० साली स्पष्ट झाली. पूर्व लंडनमध्ये इस्पितळातून परतणाऱ्या एका महिलेला वाटेत एकाएकी मळमळू लागले. तिने गाडी जवळच्या खाजगी जागेत घेतली, रस्त्याच्या कडेला जाऊन ओकारी काढली आणि काही मिनिटांत परत येऊन पाहते, तो चाकाला जॅमर लागलेला. इशाऱ्याचा फलक दुसऱ्या एका मोठ्या वाहनाआड झाकला गेला होता. जो फलक तिने पाहिलाच नाही, त्यातील धोका तिने पत्करला असे म्हणता येणार नाही, असा निवाडा अपील न्यायालयाने दिला. मला स्वतःला हा निवाडा या साऱ्या इतिहासातील सर्वांत माणुसकीचा वाटतो.

अखेर १ ऑक्टोबर २०१२ रोजी इंग्लंड व वेल्समध्ये खाजगी जमिनीवरील जॅमर कायद्यानेच निषिद्ध झाला. मात्र ज्या अधिनियमाने जॅमर काढून घेतला, त्यानेच आपल्या चौथ्या परिशिष्टात जमीनमालकांच्या हाती एक दुसरे साधन दिले, आणि उसन्या मोटारीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो. तोपर्यंत दावा लावावयाचा तो चालकावर, कारण करार चालकाचा. मोटार कोणाच्या नावे नोंदलेली आहे, याला दिवाणी दृष्ट्या महत्त्व नव्हते. नव्या कायद्याने, चालकाचे नाव व पत्ता कंपनीस ठाऊक नसल्यास, थकलेली रक्कम मोटारीच्या नोंदणीकृत धारकाकडून मागण्याची मुभा दिली. सरकारी नोंदवहीतून धारकाचा पत्ता अडीच पौंडांत मिळतो. मग ज्याने त्या दिवशी स्टिअरिंगला हातही लावला नव्हता, त्याच्या दारात, आत शिरतानाची व बाहेर पडतानाची वेळ छापलेली नंबरप्लेटची दोन छायाचित्रे घेऊन नोटीस येऊन पडते.

मागून आणलेल्या वस्तूचा विचार शास्त्रांनी केला नव्हता असे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने अशा वस्तूस ठेवीचेच नियम लावले आहेत. इंग्लंडात न्यायमूर्ती होल्ट यांनी १७०३ साली, फुकट वापरावयास नेणाऱ्याने पराकाष्ठेची काळजी घेतली पाहिजे, असे सांगितले. पण हे नियम देणारा व घेणारा या दोघांपुरते होते. तिसऱ्याच्या जमिनीवर घेणाऱ्याने केलेल्या कराराचा बोजा देणाऱ्याच्या शिरी यावा, ही गोष्ट करारशास्त्राच्या विरुद्ध आहे, आणि म्हणूनच संसदेने ती कडक अटींनी बांधून टाकली. केवळ कॅमेऱ्याच्या आधारे आकारणी झाली असेल, तर नोटीस घटनेनंतर चौदा दिवसांच्या आत धारकास पोहोचली पाहिजे. जमीन कोणती आणि गाडी किती काळ उभी होती, हे तीत नमूद असले पाहिजे. आणि न्यायालयीन कारवाई सुरू होण्यापूर्वी धारकाने चालकाचे नाव व बजावणीयोग्य पत्ता कळविल्यास त्याची जबाबदारी संपते. अट चुकली की धारक सुटतो. चालक मात्र सुटत नाही. वाहतुकीच्या फौजदारी गुन्ह्याबाबत पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव सांगणे धारकास भाग असते. खाजगी कंपनीच्या पत्राला तो अधिकार नाही. हा भेद अनेकांना ठाऊक नसतो, आणि पत्राच्या सरकारी वळणाच्या भाषेला भिऊन सज्जन माणसे पैसे भरून मोकळी होतात, ही खेदाची गोष्ट आहे.

रकमेचा वाद २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात मिटला. चेल्म्सफर्ड येथील बाजारसंकुलात दोन तास फुकट मिळालेली जागा बॅरी बीव्हिस यांनी ५६ मिनिटे अधिक अडविली. ८५ पौंडांची आकारणी ही बेकायदा शिक्षा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सहा न्यायाधीशांनी एकाविरुद्ध बहुमताने ते अमान्य केले: जागा फिरती ठेवण्यात मालकाचे रास्त हित आहे आणि फलक ठळक होते, असा त्यांचा अभिप्राय पडला. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाने हा तिढा फार पूर्वी सोडविला होता: करारात कितीही रक्कम लिहिली असो, तिच्या मर्यादेत जी वाजवी भरपाई ठरेल, तीच मिळावयाची. तीच पद्धत मला अधिक न्याय्य वाटते.

लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. त्या देशात नातलगांकडे उतरून त्यांची मोटार घेऊन फिरावयास निघणारे मराठी पाहुणेही पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे की, वाहनतळात शिरताना फलकाचे छायाचित्र घ्यावे, ठरलेली वेळ उलटली असेल तर घरी पोहोचताच यजमानांस तसे सांगावे आणि रक्कम देय असेल तर ती आपण भरावी. यजमानांनीही नोटीस मिळताच आधी तारखा मोजाव्यात. हरकत घेण्याजोगी असेल, तर मुदतीत कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि ती फेटाळली गेल्यास, कंपनी ज्या संघटनेची सभासद असेल तिच्या अपील व्यवस्थेकडे दाद मागावी. तेथे दाद मागण्यास मोटारधारकास शुल्क पडत नाही.