किरण म्हणजे विखुरणारे

अवकाशातून पृथ्वीवर अखंड आदळणारे वैश्विक किरण हे खरे तर कण आहेत. त्यांत बहुतेक प्रोटॉन, उरलेली बरीचशी त्यांहून जड अणुकेंद्रे. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस फुग्यातून पाच हजार मीटरांहून वर गेले आणि हे प्रारण उंचीबरोबर वाढते, असे त्यांना आढळले. १९२५ मध्ये रॉबर्ट मिलिकन यांनी ते गॅमा किरणांच्या जातीचे मानून ‘कॉस्मिक रेज’ हे नाव दिले. समजूत पुढे बदलली, नाव टिकले. मग मराठीत आता ‘वैश्विक कण’ म्हणावे का?

मला ते पटत नाही. ‘किरण’ हा शब्द ‘कॄ’ या धातूपासून साधतात. अर्थ विखुरणे, उधळणे. विकीर्ण, प्रकीर्ण, विकिरण ही त्याच घरातली. मोनिअर-विल्यम्सच्या कोशात ‘किरण’चा ऋग्वेदातला एक अर्थ ‘अतिसूक्ष्म धूळ’ असा दिला आहे. म्हणजे कण या शब्दात आधीपासूनच आहे.

आणि विखुरणेही. प्रचंड ऊर्जेचा एक कण हवेतल्या अणुकेंद्रावर आदळला की नवे कण उधळतात, त्यांतून आणखी. या वर्षावातल्या इलेक्ट्रॉन-प्रकाशकणांच्या साखळीचे गणित मुंबईत जन्मलेले होमी भाभा आणि वाल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडले. वर्षावातले इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात विरुद्ध दिशांना वळतात आणि काही अब्जांश सेकंदांचा रेडिओ-स्पंद उमटतो. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेत भौतिकशास्त्रज्ञ जेली आणि सहकाऱ्यांनी तो ४४ मेगाहर्ट्झवर टिपला, ते वर्ष १९६५. आज अर्जेंटिनातल्या पिएर ओजे वेधशाळेत दीडशेहून अधिक अँटेना याच कामावर आहेत. दुर्बिणींना लागणारी अंधारी, निरभ्र रात्र त्यांना लागत नाही.

इंग्रजीतले ‘रे’ आणि ‘रेडिओ’ दोन्ही लॅटिन ‘राडियुस’चे वंशज. त्याचा एक अर्थ चाकाचा आरा. आरा तुंब्यातून सरळ निघतो. वैश्विक किरणांतले विद्युतभारित कण मात्र आकाशगंगेच्या चुंबकक्षेत्रात वळत वळत येतात. ते कुठून निघाले, हे शोधणे म्हणूनच इतके अवघड. सरळपणाची अट ‘राडियुस’मध्ये आहे, ‘किरण’मध्ये नाही. धूळ, तिचे उधळणे आणि त्यातून होणारे विकिरण, तिन्ही एका धातूत मावतात. नाव बदलण्याऐवजी वर्गात हा धातू फळ्यावर लिहावा. निम्मे भौतिकशास्त्र तिथेच सांगून होईल.