'अपरिहार्य'च्या पोटातली माफी

'परि' म्हणजे भोवताली, 'हृ' म्हणजे नेणे. ज्याला वळसा घालून जाता येत नाही ते अपरिहार्य. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द जन्ममृत्यूच्या संदर्भात येतो आणि तिथे ही फोड चपखल बसते. पण नाशिकच्या पांडवलेण्यांत याच शब्दाच्या पोटातला 'परिहार' वेगळ्याच रूपात भेटतो. तिसऱ्या लेण्यातल्या लेखानुसार गौतमीपुत्र सातकर्णीने राज्यवर्ष १८ मध्ये तिथल्या भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले आणि शेतासोबत 'परिहार'ही दिले: राजपुरुषांनी त्यात शिरायचे नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचे नाही. इथे परिहार म्हणजे सरळसरळ सूट, माफी. माझ्या मते मराठीतला 'अपरिहार्य' या माफीच्या अर्थाशिवाय पुरता कळत नाही.

यावर आक्षेप असा येईल, की माफी हा राजशासनातला पारिभाषिक अर्थ. 'अपरिहार्य' तर थेट धातूवरून बनला, त्याचा दानलेखांशी काय संबंध? उत्तर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. गावाभोवती १०० धनुष्ये रुंदीचा जो मोकळा पट्टा सोडायचा, त्याचे नावच 'परिहार'. त्या पट्ट्यात कोणी कुंपणाविना पीक घेतले आणि गुरांनी ते खाल्ले, तर गुराख्याला दंड नाही. भोवताली सोडलेली जागा आणि दंडातून सोडलेला माणूस, दोन्ही एकाच जमिनीवर! वळशाचा अर्थ माफीकडे सरकला तो अशाच पट्ट्यांवरून, हा माझा तर्क. कन्नडमध्ये सरकारी नुकसानभरपाईला आजही 'परिहार' म्हणतात. आपल्याकडे श्रमपरिहार उरला, तोही श्रमांतून सुटका म्हणूनच.

मग 'अटळ' आणि 'अपरिहार्य' समानार्थी कसे? कोशात असतील, बोलण्यात नाहीत. संकट आपोआप टळते. 'टळणे'ला कुणी टाळणारा लागत नाही. परिहार मात्र कुणीतरी करावा लागतो, कुणीतरी द्यावा लागतो. म्हणून मरण अटळ असते आणि घरदुरुस्तीचा खर्च अपरिहार्य. सभागृहाच्या दारावरची पाटी पाहा: 'काही अपरिहार्य कारणास्तव आजचा कार्यक्रम रद्द'. तिथे 'अटळ कारणास्तव' कुणी लिहीत नाही. संयोजक शब्दाला बांधलेला असतो, आणि त्या शब्दातून आपल्याला मोकळे करा, असे तो प्रेक्षकांना विनवत असतो. आम्हाला परिहार मिळाला नाही, तुम्ही तरी द्या, एवढेच ती पाटी सांगते.