छातीचा स्नायू पूर्वी दुखावलाय? मग व्यायाम पुन्हा कसा सुरू करायचा?

मालवण तालुक्यातल्या तोंडवलीसारख्या किनाऱ्यावर रापण ओढताना मुख्य जोर लागतो तो पायांचा आणि पाठीचा. पण पुढे लांबवलेले हात दोरासकट अंगाकडे खेचताना छातीचा मोठा स्नायूही कामाला लागतो. पावसाळाभर थांबलेलं अंग पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीनं ओढायला लागलं, की जुनी दुखापत डोकं वर काढू शकते. जिममध्येही तेच होतं.

या स्नायूचं नाव पेक्टोरॅलिस मेजर. छातीपासून निघून तो दंडाच्या हाडाला जोडलेला असतो. तो फाटण्याचं सगळ्यात ओळखीचं कारण म्हणजे बेंच प्रेस. तेही बार वर ढकलताना नाही, तर खाली आणताना. त्या क्षणी स्नायू ताणलेला असतो आणि वजनही पेलत असतो.

त्यामुळे आधी जुनी दुखापत नेमकी कसली होती ते बघा. साधी लचक किंवा थोडी इजा बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय भरून येते. पण काखेच्या पुढच्या कडेला खड्डा दिसत असेल, दोन्ही बाजू वेगळ्या दिसत असतील, हातातला जोर कमी झाला असेल, तर व्यायामाआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कुस्तीपटू जॉन सीनाचा हा स्नायू ऑक्टोबर २००७ मध्ये फाटला, ऑपरेशन झालं आणि जानेवारी २००८ मध्ये तो रिंगणात परतला. रील बघून हे वेळापत्रक कुणी धरू नये!

सुरुवात भिंतीला हात टेकून पुश-अपनं करा. मग टेबल, मग गुडघे टेकून, शेवटी जमिनीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसेल, तरच पुढची पायरी. बेंच प्रेसला हलकं वजन घ्या, पकड फार रुंद नको आणि बार छातीच्या थोडा वरच थांबवा. रापणीला सुरुवातीचे दिवस कमी वेळ दोर धरा, हातानं झटका न देता पायांनी मागे सरा.

आणि छातीतलं प्रत्येक दुखणं 'जुनी लचक' नसतं. स्नायूचं दुखणं बहुधा दाबल्यावर किंवा हात ठरावीक दिशेला नेल्यावर वाढतं, पण तेवढ्यावरून हृदयाचं नाही असं ठरवता येत नाही. श्रम करताना छाती जड होत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर व्यायाम बंद ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.