मळवलीचीं चित्रें आणि आपला देह

पुण्याहून मुंबईस जाणारी आगगाडी खडकी सोडल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ह्या कारखान्यांच्या गांवांतून निघते आणि तळेगांव, कामशेत करीत लोणावळ्यास पोंचते. लोणावळ्याच्या अलीकडचें स्टेशन मळवली. कार्ल्याचीं लेणीं पाहणारे लोक तेथें उतरतात. इतरांस त्या स्टेशनाचें कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु सुंदर देह कोणता, गोरेपण कशाला म्हणावें, देवाची छाती किती रुंद असावी, ह्यांविषयींच्या आपल्या कल्पनांचा इतिहास कोणी लिहावयास घेतल्यास त्याला ह्या लहानशा स्टेशनावर उतरावेंच लागेल.

राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापाचा छापखाना काढला व त्यासाठीं जर्मनीहून यंत्रसामग्री आणविली. पुढें हा छापखाना मळवलीस आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रित्झ श्लायशर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती ह्यांचीं रंगीत चित्रें येथून हजारोंनीं बाहेर पडलीं व देवघरांत, दुकानांत आणि माजघरांत जाऊन बसलीं. व्यापाऱ्यांनीं तीं उचललीं. देवीच्या चरणांखालीं साबणाचें किंवा औषधाचें नांव छापलेलें दिनदर्शिकेचें पान घरोघरीं वर्षभर लटकूं लागलें.

ह्यापूर्वीं सामान्य कुटुंबास देव दिसे तो पाषाणाचा वा धातूचा. आपल्या खेड्यांतला मारुतीच घ्या. शेंदराच्या थरांखालीं त्याचे दंड कोठें आणि पोटऱ्या कोठें हें शोधून सांपडत नाहीं. तरी तो बळाचा देव आहे ह्याविषयीं कोणास शंका नसे. भोसरी-चाकणकडचा पहिलवान त्यालाच हात जोडून तालमीच्या मातींत उतरे. त्याचें अंग भरीव असे, मान जाड असे, आणि पोट आंत ओढून धरण्याची त्याला गरज वाटत नसे. बळ पाहावयाचें तें जत्रेच्या फडांत, समोरच्याची पाठ लागते कीं नाहीं ह्यावरून. छापील चित्रानें मात्र देवाला गोरा वर्ण, आंखीव अवयव आणि एकच ठरावीक चेहरा दिला. रविवर्म्याची लक्ष्मी चांगली भरल्या अंगाची आहे. आजच्या जाहिरातवाल्यांनीं तिला उभें करण्यापूर्वीं दहा किलो वजन उतरवून यावयास सांगितलें असतें!

ह्याच छापखान्यासाठीं कांहीं काळ काम केलेले एक गृहस्थ पुढें चलच्चित्रांकडे वळले. ते दादासाहेब फाळके. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' मध्यें तारामती झाले ते अण्णा साळुंके. त्याच सुमारास रंगभूमीवर बालगंधर्वांचा अंमल होता, आणि कुलीन घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखें लुगडें नेसूं लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळूं लागल्या. स्त्रीनें कसें दिसावें ह्याचा धडा मराठी स्त्रीला अशा रीतीनें बराच काळ पुरुषांच्या देहावरून मिळाला, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. पुढें १९३८ सालीं अत्र्यांनीं लिहिलेल्या व मास्टर विनायकांनीं दिग्दर्शित केलेल्या 'ब्रह्मचारी' बोलपटांत जोरबैठकांच्या व ब्रह्मचर्याच्या खुळाची यथेच्छ टर उडविली गेली, आणि मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखांत पडद्यावर आल्या म्हणून महाराष्ट्रभर गहजब झाला.

पुरुषांची कथा निराळी. १९०५ च्या सुमारास युजेन सँडो हा युरोपांतील प्रख्यात बलवान हिंदुस्थानांत येऊन गेला. त्याच्या पिळदार देहाचीं छायाचित्रें त्याच्या आधींच येथें पोंचलीं होतीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (हें पिंपरीशेजारचें औंध नव्हे, साताऱ्याकडचें संस्थान) ह्यांनीं अनेक वर्षें सँडोचा व्यायाम केला व मग तो सोडून सूर्यनमस्कार स्वीकारले. ते स्वतः चित्रकार होते. रविवर्म्याचीं चित्रें त्यांच्या संग्रहांत होतीं. त्यांनीं नमस्कारांवर पुस्तक लिहिलें, त्यांत छायाचित्रें घातलीं, आपल्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले. सँडोचें सामर्थ्य डोळ्यांस दिसे. पंतांचा दावा वेगळा होता. पचन, श्वास, निरोगी म्हातारपण ह्यांवर त्यांचा भर होता, आणि ह्या गोष्टींचें छायाचित्र काढतां येत नाहीं.

मळवलीच्या पुढचें स्टेशन लोणावळें. तेथें १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापिलें. बडोद्याच्या माणिकरावांकडे व्यायाम शिकलेल्या ह्या गृहस्थाला योग्याच्या बाह्य रूपाचें कौतुक नव्हतें. उड्डियान किंवा नौली करतांना पोटांत नेमकें काय घडतें, आंतड्यांतील दाब किती उतरतो, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं व दाबमापकानें तपासलें आणि 'योगमीमांसा' त्रैमासिकांत छापलें. एका स्टेशनावर देहाचें बाह्य रूप छापलें जात होतें आणि लगतच्या स्टेशनावर त्याच देहाच्या आंत डोकावून पाहिलें जात होतें! चित्रें घराघरांत गेलीं, दाबाचे आंकडे गेले नाहींत. त्यांत नवल नाहीं.

स्वातंत्र्यानंतर ह्या पट्ट्याचें रूप पालटलें. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यांत १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊं लागलें. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि भोसरी-चिंचवडच्या शेतांवर कारखाने उभे राहिले. आकुर्डीच्या बजाज स्कूटरची जाहिरात सारें कुटुंब डोळ्यांसमोर ठेवी. पण २००१ सालीं चाकणला तयार होणारी पल्सर मोटारसायकल बाजारांत आली ती 'डेफिनेटली मेल', म्हणजे नि:संशय पुरुष, ह्या घोषणेसह. यंत्रालाच दंड व खांदे आले. तें यंत्र जोडणाऱ्या तरुणालाही, पाळीवरून सुटल्यावर, तसेच दंड हवेसे वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? व्यायामशाळांतून कोणी ओळखीचा मनुष्य त्याला चोरून सुई देतो. दंड भराभर फुगतात. पण ह्या संप्रेरकांनीं हृदय व यकृत ह्यांना इजा पोंचते, आणि शरीर स्वतःचें पुरुष-संप्रेरक निर्माण करण्याचें काम मंद करतें. इकडे मुलींना १९७५ पासून गोरें करण्याचें मलम विकलें जात होतें; त्याच्या नांवांतला 'फेअर' हा शब्द निघावयास २०२० साल उजाडलें.

आतां ज्या संशोधनासाठीं हा विषय मीं घेतला त्याकडे येतों. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं १९९३ पासून पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांतल्या गर्भवती स्त्रिया व त्यांचीं बालकें ह्यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, इंग्लंडांतील बालकाचें सुमारें ३.५ किलो. आपलें बालक दिसावयास किरकोळ. पण मोजमाप घेतां असें आढळलें कीं, त्याचे स्नायू कमी भरले असले तरी त्वचेखालची चरबी जवळजवळ इंग्रज बालकाइतकीच राखलेली आहे. दिसतें रोड, आंतून मेदयुक्त. हाच देह मोठेपणीं मधुमेहाला लवकर बळी पडतो.

२००४ सालीं 'लॅन्सेट' मध्यें याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांनीं स्वतःचेंच छायाचित्र प्रसिद्ध केलें. दोघेही सडपातळ, उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु युडकिन ह्यांच्या देहांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहांत शेंकडा २१.२! शंभर वर्षें चित्रांनीं तयार केलेल्या आपल्या डोळ्याला त्या दोघांत फरक दिसत नाहीं.

त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियांतील लोकांसाठीं २५ ऐवजीं २३ ह्या निर्देशांकापासूनच सावध व्हावें असें सुचविलें. घरच्या घरीं पाहावयाचें तर शिंप्याची मोजपट्टी पुरे. उभें राहून, श्वास सहज सोडून, बरगडीची खालची कड व कमरेचें हाड ह्यांच्या मधोमध ती गुंडाळावी. दक्षिण आशियांतील पुरुषाला ९० सेंटिमीटर व स्त्रीला ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आंकडा ह्याच्या वर गेला तर, अंग कितीही सडसडीत दिसो, डॉक्टरांकडून रक्तांतील साखर तपासून घ्यावी.