पूरमदतीची यादी कशी वाचायची?

गावच्या चावडीवर डकवलेली नुकसानभरपाईची यादी तुम्ही कधी नीट वाचली आहे का? नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम. कागद रुक्षच, पण उद्या या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला तो सोडून चालणार नाही. फक्त तो एकटा वाचायचा नाही. असं का म्हणतोय, ते कोल्हापूरच्या २०१९च्या पुरावरून सांगतो.

त्याआधी थोडं मागे जाऊ. मदतीचे नियम लोकांना कळणं हेच एके काळी सरकारला खुपत होतं. १८९६-९७च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं मुंबई इलाख्यातल्या गावांत जाऊन फॅमिन कोडमध्ये रयतेसाठी काय आहे ते समजावून सांगत होती. टिळकांचा 'केसरी' तेच छापत होता. नियम सरकारनेच केलेले! तरी मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. (कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, त्यामुळे इथल्या दुष्काळाचे कागद करवीर दरबारच्या दप्तरात शोधावे लागतात.) आज माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील प्रशासनाने आपणहून जाहीर करायचा असतो. म्हणजे लढाई संपली, असं वाटेल.

आता २०१९ कडे या. ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी करवीर, हातकणंगले, शिरोळच्या शिवारात पसरलं. सरकारने ठरवलं की एक हेक्टरपर्यंतच्या बाधित पिकावरचं पीककर्ज माफ करायचं, आणि ज्यांनी कर्ज काढलंच नव्हतं त्यांना नेहमीच्या दराच्या तिप्पट भरपाई द्यायची. संशोधकाने इथे थांबायला हवं. कारण एकाच पुराची मदत दोन वाटांनी गेली आणि तिचे कागदही दोन ठिकाणी राहिले. तिप्पट भरपाईची यादी महसूल खात्याकडे. कर्जमाफीची मात्र बँकेकडे आणि गावच्या सेवा सोसायटीकडे. कोल्हापुरात सोसायटीकडून पीककर्ज घेणं ही घरोघरची गोष्ट आहे. तेव्हा तहसीलच्या यादीत नाव नाही म्हणून 'हा शेतकरी वंचित राहिला' असं लिहून मोकळे झालात, तर निष्कर्ष साफ चुकू शकतो.

मग सोसायटीकडे माहितीचा अर्ज टाकायचा? थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहकारी संस्था सरसकट 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाहीत. म्हणून अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायचा. कायद्याने त्यांना संस्थेकडून जी माहिती मागवता येते, ती तुम्हालाही मागता येते. माझ्या मते पारदर्शकतेचा खरा प्रश्न हा आहे. सगळा पैसा सरकारचाच, पण एक यादी चावडीवर लागते आणि दुसरीसाठी आडवाटेने जावं लागतं.

तुलना करतानाही जपून. २०१५ पर्यंत मदतीसाठी किमान ५० टक्के पीक गेलेलं असावं लागे, नंतर ही अट ३३ टक्क्यांवर आली. त्यामुळे २००५ आणि २०१९ या दोन पुरांतले 'बाधित शेतकऱ्यांचे' आकडे शेजारी ठेवून पूर वाढला म्हणायचं, तर आधी मोजपट्टी बदललीय हे लिहावं लागेल.

आणि दोन्ही यादींत न सापडणारा माणूस? दुसऱ्याचं रान तोंडी बोलीवर वाट्याने करणारा. सातबारा मालकाच्या नावावर, त्यामुळे पिकाची मदतही त्याच्याच खात्यावर. मालकाने त्यातलं किती याला दिलं, हे कुठल्याच कार्यालयात लिहिलेलं नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांनी केलेल्या पंचनाम्याच्या नकला जरूर मागा, पण याच्यासाठी बांधावर जाऊन मुलाखतीच घ्याव्या लागतील. पूर लोकांच्या आठवणीत ताजा आहे तोवरच.